बारावीनंतरची गुणवत्ता शिष्यवृत्ती: गुण तर पडले, आता पुढे काय?

गुणवत्ता शिष्यवृत्ती म्हटलं की सगळ्यांचं लक्ष टक्क्यांकडे जातं. पण टक्के निकालाच्या दिवशी ठरून जातात. ८८ टक्क्यांच्या मुलाच्या हाती काही लागत नाही आणि ७९ टक्क्यांची मुलगी वर्षाला पन्नास हजार उचलते, हे होतं ते निकालानंतरच्या चार महिन्यांत. यादी लागते ती अर्ज केलेल्यांची, आणि त्यातही ज्यांचा अर्ज शेवटपर्यंत टिकला त्यांची. म्हणून इथे अभ्यास कसा करावा ते सांगत नाही. महाराष्ट्रात बारावी करून पदवीला जाणाऱ्या मुलामुलींनी कोणत्या शिष्यवृत्त्यांमागे लागावं आणि अर्ज कुठे अडकतो, तेवढंच सांगतो.

आपल्याला लागू काय, ते आधी ठरवा

केंद्राची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती, म्हणजे पीएम-यूएसपीमधली सेंट्रल सेक्टर योजना, बहुतेकांनी पहिल्यांदा तपासावी. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींना. आईवडिलांचं एकूण वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत हवं. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अभियांत्रिकीसारख्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षी २०,०००. म्हणजे चार वर्षांत ५६,०००. पदवी नियमित हवी. बहिःस्थ, दूरशिक्षण किंवा पदविका चालत नाही.

पात्रतेची अट आहे ८० पर्सेंटाइलच्या वर. इथे निम्मी मुलं घोटाळा करतात. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत. तुमच्या मंडळात, तुमच्या शाखेत जे उत्तीर्ण झाले त्यातले शंभरातले ऐंशी तुमच्या मागे असले पाहिजेत, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे कला, वाणिज्य आणि विज्ञान यांची रेषा वेगवेगळी असते आणि दरवर्षी हलते. तीच टक्केवारी एका शाखेत पुरते, दुसऱ्या शाखेत पुरत नाही. ‘मला ७६च आहेत, मी कुठे बसणार’ असं म्हणून घरी बसण्याआधी त्या वर्षीची आपल्या शाखेची रेषा बघा. राज्याचा कोटा १८ ते २५ वयोगटातल्या लोकसंख्येवरून ठरतो, मग तो राज्यातल्या मंडळांमध्ये वाटला जातो. विज्ञान, वाणिज्य आणि कला यांना ३:२:१ असा वाटा आहे. रेषेच्या वर असणं म्हणजे रांगेत उभं राहण्याची परवानगी. नंबर लागणं त्या वर्षी रांगेत कोण आहे यावर.

मुलगी असेल आणि एआयसीटीईमान्य (म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या) अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला असेल, तर ‘प्रगती’ सोडू नका. वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. देशभरात १०,००० जागा: ५,००० पदवीला, ५,००० पदविकेला. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलीही अर्ज करू शकतात, हे कॉलेजच्या खिडकीवर सहसा कोणी सांगत नाही. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी ‘सक्षम’ आहे. रक्कम आणि उत्पन्नमर्यादा तीच.

मंडळात वरच्या एक टक्क्यात असाल आणि अभियांत्रिकी-वैद्यकीय सोडून मूलभूत विज्ञानाच्या बीएस्सीला जाणार असाल, तर ‘इन्स्पायर’ या केंद्राच्या विज्ञान शिष्यवृत्तीची जाहिरात निघते का यावर नजर ठेवा. वर्षाचे ८०,०००: त्यातले ६०,००० हातात, २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी.

खासगीत रिलायन्स फाउंडेशनची पदवीसाठीची शिष्यवृत्ती मोठी: ५,००० पर्यंत विद्यार्थी, पूर्ण पदवीला मिळून २ लाखांपर्यंत. बारावीला ६० टक्के पुरतात, कुटुंबाचं उत्पन्न १५ लाखांच्या आत हवं, २.५ लाखांच्या आतल्यांना प्राधान्य. आयआयटीत गेलात तर तिथेच कौटुंबिक उत्पन्नावर शिक्षण शुल्काची माफी आहे: १ लाखाच्या आत पूर्ण, १ ते ५ लाखांत दोन तृतीयांश. पुण्यात शिकणाऱ्या मुलींनी लीला पूनावाला फाउंडेशनच्या तारखा बघाव्यात.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘टॉप ५० शिष्यवृत्त्या’ अशा याद्यांवर भरवसा नको. एनटीएसई (राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा) २०२१ पासून थांबली आहे, केव्हीपीवाय (विज्ञानासाठीची किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना) २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली, तरी दोन्ही नावं अजून याद्यांत दिमाखात बसलेली असतात. आणि अर्जासाठी ‘प्रोसेसिंग फी’ मागणारी शिष्यवृत्ती ही शिष्यवृत्ती नसते.

दोन दगडांवर पाय

सरकारी योजनांमध्ये साधारण नियम असा की एका वर्षी एकच लाभ. सेंट्रल सेक्टर घेणाऱ्याला दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा फी-परतावा घेता येत नाही. दोन्हीकडे अर्ज करून ‘जी आधी येईल ती’ म्हणणारे पुढे वसुलीच्या पत्राला उत्तर देत बसतात. म्हणून आधी कागद-पेन घेऊन हिशोब करा.

महाडीबीटीवरच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण व परीक्षा शुल्कातली निम्मी रक्कम सरकार भरतं. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानंतर पात्र मुलींना ही सवलत शंभर टक्के आहे. आता दोन उदाहरणं घेऊ, आकडे समजण्यापुरते. खासगी कॉलेज, शिक्षण शुल्क १,१०,०००. मुलाला शाहू योजनेतून ५५,००० सुटतात. सेंट्रल सेक्टरचे १२,००० त्यापुढे काहीच नाहीत. मुलीला पूर्ण १,१०,००० सुटतात; ‘प्रगती’चे ५०,००० कमी पडतात. पण तीच मुलगी शासकीय कॉलेजात असेल आणि तिथलं शिक्षण शुल्क २२,००० असेल, तर ‘प्रगती’ घेऊन २२,००० स्वतः भरावेत आणि उरलेल्या २८,००० मध्ये खोलीभाडं भागवावं, हे सरळ गणित आहे. साधी बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्याची फीच मुळात थोडी असते. तिथे सेंट्रल सेक्टर बहुतेकदा फायद्याची ठरते.

खासगी ट्रस्टांचं तसं नसतं. बऱ्याच ठिकाणी सरकारी लाभासोबत त्यांची मदत चालते, पण ‘इतर कोणती शिष्यवृत्ती मिळते का’ या रकान्यात खरं लिहायचं. लपवलेलं कॉलेजच्या बोनाफाइडवरून किंवा फीच्या पावतीवरून लगेच दिसतं.

एक मोठी मेख: शाहू योजना आणि मुलींची शंभर टक्के सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, घेतलेल्या प्रवेशालाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून ‘सीट पक्की’ केली की चार वर्षांची सवलत गेली. स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठंही या सवलतीच्या बाहेर. त्यांच्या जाहिरातीत ‘मेरिट स्कॉलरशिप ५० टक्के’ दिसलं तर चार गोष्टी लेखी मागा: सवलत फक्त शिक्षण शुल्कावर की एकूण फीवर, पहिल्याच वर्षी की दरवर्षी, टिकवायला किती सीजीपीए (सत्रांची सरासरी श्रेणी) लागतो, आणि एखाद्या वर्षी तो घसरला तर पुढच्या वर्षी परत मिळते का. तोंडी उत्तराला अर्थ नाही.

टी लावलेला कोड

ही शुल्कमाफी शिष्यवृत्तीच्या यादीत येत नाही, म्हणून नजरेतून सुटते. एआयसीटीईमान्य अभ्यासक्रमात मंजूर जागांच्या ५ टक्के जादा जागा शुल्कमाफीच्या असतात, टीएफडब्ल्यूएस म्हणतात ते. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि निवड निव्वळ गुणवत्तेवर. शिक्षण शुल्क पूर्ण माफ. विकास शुल्क वगैरे बाकीचं भरावं लागतं.

कॅपच्या पर्याय-अर्जात या जागेचा कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असलेला. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि जिथे जागा बसते तिथे थांबते. समजा तुम्हाला एकाच कॉलेजची संगणक शाखा हवी आहे आणि तुम्ही साधा कोड वर, ‘टी’चा खाली लिहिलात. साधी जागा मिळाली की खालचा कोड कोणी वाचणारच नाही, मग तुमचे गुण तिथे पुरत असोत. म्हणून त्याच कॉलेजचा ‘टी’ कोड नेहमी साध्याच्या वर. जागा पाचच टक्के असल्याने ‘टी’ची कटऑफ बऱ्याचदा खुल्या जागेपेक्षा वर जाते; नाही लागली तर खालचा साधा कोड आहेच, काही बिघडत नाही. अट एक: अशा जागेवर प्रवेश घेतला की मध्येच कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. उत्पन्नाचा दाखला कागदपत्र पडताळणीच्या दिवशीच लागतो, ‘नंतर देतो’ चालत नाही.

कागद: निकालाआधीचं काम

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू, महा-ई-सेवा केंद्रातून अर्ज होतो. सोबत तलाठ्याचा उत्पन्न अहवाल, शिधापत्रिका, आधार. एका वर्षाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत हौसेने काढून ठेवलेला दाखला जूनमध्ये रद्दी असतो. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अर्ज टाका. निकालानंतर गेलात तर अख्खा तालुका त्याच रांगेत असतो. तीन वर्षांचा दाखला मिळतो, तोच घ्या. दरवर्षीचा हेलपाटा वाचतो.

आकडा खरा असू द्या. दाखल्यावर ९०,००० आणि वडिलांच्या आयकर विवरणपत्रात ५ लाख, असं असेल तर खासगी ट्रस्ट मुलाखतीत पहिला प्रश्न तोच विचारतात.

नाव हा सगळ्यात त्रासदायक भाग. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. क्रमाचा फरक सहसा निभावतो. इंग्रजी स्पेलिंगचा निभावत नाही. दीपालीच्या ‘दी’साठी गुणपत्रिकेवर ‘आय’ आणि आधारवर दोन ‘ई’, की अर्ज तिथेच थबकतो. दुरुस्ती करायची ती आधारची, दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे. गुणपत्रिका बदलायला मंडळाच्या फेऱ्या मारत महिने जातात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. त्यामुळे केंद्रावर ऑपरेटरने टाइप केलेलं नाव पावतीवर अक्षर-अक्षर वाचूनच उठा.

मग बँक. ‘माझं आधार बँकेला जोडलेलं आहे’ हे वाक्य पुरेसं नाही. खात्याच्या केवायसीत आधार असणं वेगळं आणि थेट लाभासाठी खातं आधारशी सीड असणं, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी जोडलेलं असणं, वेगळं. सरकारी पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातोच असं नाही. तो एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत तुमच्या आधारसमोर जी बँक आहे तिथे जातो. मोबाइल रिचार्जच्या दुकानात कधीतरी उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं तिथे बसलेलं असतं, आणि शिष्यवृत्ती ‘जमा’ दाखवत असताना मुलगा पासबुक भरून-भरून दमतो. माय-आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा: बँकेचं नाव आणि ‘अॅक्टिव्ह’ हे दोन्ही दिसलं पाहिजे. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा आणि काही दिवसांनी परत तपासा. खातं विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर असावं, वडिलांबरोबरचं संयुक्त नको.

रेषेच्या अगदी काठावर असाल तर अजून एक रस्ता आहे: पुनर्मूल्यांकन. राज्य मंडळात आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, ती मिळाल्यावरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज होतो, आणि त्याची मुदत मोजून पाच कामाचे दिवस. छायाप्रत हातात आली की त्याच दिवशी विषयाच्या सरांना दाखवा. बेरीज चुकली आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, एवढंच बघा. ‘सरांनी कमीच दिले’ या भावनेवर पैसे घालवू नका.

अर्ज आणि त्यानंतरची खरी धावपळ

सेंट्रल सेक्टर, प्रगती, सक्षम हे सगळं राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर. आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी, काढायचा: १४ अंकी नोंदणी क्रमांक, शिक्षण संपेपर्यंत तोच. चेहऱ्याची पडताळणी मोबाइलवरच्या आधार फेस आरडी अॅपमधून होते; उजेडात, साध्या भिंतीसमोर उभे राहा. ओटीआर हरवला म्हणून नवा काढायला जाऊ नका, जुना शोधायची सोय पोर्टलवर आहे. मोबाइल नंबर घरचा, कायमचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकला की पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे.

अर्जात कॉलेज निवडताना नावावर जाऊ नका, कॉलेजच्या कार्यालयातून एआयएसएचई कोड, म्हणजे प्रत्येक कॉलेजचा सरकारी ओळख क्रमांक, आणा. एकाच संस्थेची पाच कॉलेजं सारख्या नावाची असतात, आणि चुकीच्या कॉलेजात गेलेला अर्ज तिथे कोणी उघडतही नाही. बारावीचं मंडळ, शाखा, बैठक क्रमांक आणि एकूण गुण गुणपत्रिकेवरून जसेच्या तसे. महाडीबीटीवर कागद चढवताना फाइल २५६ केबीच्या आत लागते. फोटो काढून दाबून-दाबून लहान केलेला दाखला वाचता येत नाही आणि कारकून ‘अस्पष्ट’ म्हणून परत पाठवतो. कृष्णधवल स्कॅन करा, आकारही आवाक्यात राहतो.

‘सबमिट’ झाल्यावर बहुतेक जण निश्चिंत होतात. इथेच अर्ज मरतात. अर्ज आता कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याच्या, म्हणजे शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्याच्या, लॉगिनला आहे, आणि त्याने तो पडताळून पुढे पाठवला नाही तर तुमचे ९४ टक्के असोत की ७४, फरक पडत नाही. पोर्टलवर विद्यार्थ्याची शेवटची तारीख वेगळी, संस्थेच्या पडताळणीची वेगळी. करायचं ते असं: भरलेल्या अर्जाची प्रत, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, फीची पावती, बोनाफाइड एकत्र टाचून दोन संच करा. एक शिष्यवृत्ती विभागात द्या, दुसऱ्यावर तारखेसह पोच घ्या. मग दर सोमवारी पोर्टलवर स्थिती बघा. दोन सोमवार ती हलली नाही तर पोच घेऊन जा. भांडायला नको, ‘सर, अर्ज क्रमांक हा, तुमच्या लॉगिनला दिसतोय का?’ एवढं विचारलं तरी बहुतेक वेळा काम होतं. त्या एका माणसाच्या टेबलावर शेकडो अर्ज असतात.

स्थिती ‘त्रुटी’ दाखवत असेल तर घाबरू नका, ती दुरुस्तीची संधी असते, पण तिचीही मुदत असते. ‘नाकारला’ म्हणजे मात्र त्या वर्षापुरतं संपलं. म्हणून शेवटच्या तारखेला अर्ज भरू नये: त्रुटी निघाली तर सुधारायला दिवसच उरत नाहीत.

खासगी ट्रस्टांचं तंत्र वेगळं

इथे गुण दारापर्यंत नेतात, पुढे माणूस वाचतो. रिलायन्सच्या अर्जात ऑनलाइन कलचाचणी आहे: ६० मिनिटांत ६० प्रश्न, भाषा, तर्क आणि अंकगणित. ती दिल्याशिवाय अर्ज पूर्ण धरत नाहीत. एका प्रश्नाला एक मिनिट, म्हणजे कठीण प्रश्नाशी कुस्ती खेळायची नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर्कापेक्षा इंग्रजी उतारे वेळ खातात. महिनाभर रोज एक उतारा घड्याळ लावून सोडवा.

‘तुम्हाला ही मदत का हवी?’ या प्रश्नाला बहुतेक उत्तरं अशी असतात: ‘माझ्या घरची परिस्थिती हलाखीची आहे. मला शिक्षणाची खूप आवड आहे. मला मोठं होऊन देशाची सेवा करायची आहे.’ हे हजार जणांनी लिहिलेलं असतं आणि त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं: ‘वडील सोलापुरात यंत्रमागावर आहेत, महिन्याला साधारण १३,००० मिळवतात. माझं शिक्षण शुल्क निम्मं माफ आहे. उरलेलं शुल्क, वसतिगृह आणि खाणावळ धरून वर्षाला ९०,००० लागतात. आई शिवणकामातून ३०,००० देते, मामा १५,००० देतात. ४५,००० कमी पडतात.’ यात विनवणी नाही, हिशोब आहे, आणि मुलाखतीत यातलं प्रत्येक वाक्य कागदाने दाखवता येतं. ध्येयाचंही तसंच. ‘इंजिनिअर व्हायचंय’ यापेक्षा कोणत्या सत्रात कोणता विषय येणार आहे आणि त्यातलं काय शिकायचं आहे, हे लिहिलेलं लक्षात राहतं.

मुलाखतीला मूळ कागद आणि प्रती याच क्रमाने लावा: दहावी, बारावी, प्रवेशपत्र, फीची पावती, उत्पन्न, आधार, पासबुक. मराठीत बोललं तर चालेल का, हे आधीच विचारायला हरकत नाही. काही ट्रस्ट घरी येऊनही पाहणी करतात. घर आवरून ठेवा, पण शेजाऱ्याकडे फ्रिज लपवायला पाठवू नका, तसं होतं म्हणून सांगतोय.

दुसऱ्या वर्षी

मिळालेली शिष्यवृत्ती आपोआप चालू राहत नाही. सेंट्रल सेक्टरला दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज आहे, आणि त्यासाठी वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. हजेरीकडे कोणाचं लक्ष नसतं. आजारपणात सलग सुट्टी झाली तर वैद्यकीय प्रमाणपत्र त्याच महिन्यात कार्यालयात देऊन पोच घ्या. परीक्षेनंतर दिलेलं कोणी धरत नाही. निकाल उशिरा लागला आणि पोर्टल बंद व्हायला आलं तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची ऑनलाइन गुणपत्रिका छापून, कॉलेजचा शिक्का मारून अर्जासोबत जोडायला मिळते का ते नोडल अधिकाऱ्याला विचारा. नूतनीकरणाच्या अर्जात नवं म्हणावं असं थोडंच भरायचं असतं. तेवढ्यासाठी दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत थांबू नका, ऑगस्टपासूनच पोर्टल बघायला लागा.